बुद्धी कुठून येते? धम्मवर्गातील एका प्रश्नाच्या निमित्ताने





गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या धम्मवर्गात त्रिसरण-पंचशील झाल्यावर मुलांची प्रश्नोत्तरे चालू होती. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या एका मुलीने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर जगाचा नकाशा होता आणि प्रत्येक देशाला त्याच्या 'सरासरी बुद्ध्यांका'प्रमाणे रंग दिला होता. भारत खालच्या रंगात होता. नकाशाखाली कोणीतरी लिहिले होते की भारतातही वरच्या जातींचा बुद्ध्यांक जास्त आणि खालच्यांचा कमी असतो, म्हणून तर त्यांना आरक्षण लागते. तिने हळू आवाजात विचारले, "काका, हे खरं आहे का? आपली लोकं कमी हुशार असतात का?"

मी म्हणालो, "नाही गं बेटा, असं काही नसतं." आणि पुढच्या मुलाकडे वळलो. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते.

घरी परतताना गाडीत मला स्वतःचीच लाज वाटली. कारण हाच प्रश्न मी अठराव्या वर्षी स्वतःला विचारला होता. बारावीपर्यंत मराठीतून शिकून मी इंजिनिअरिंगला गेलो. प्रवेशाची यादी फलकावर लागली तेव्हा नावापुढे कॅटेगरी छापलेली होती. त्या दिवसापासून वसतिगृहात मी माझ्या नावाने कमी आणि त्या रकान्याने जास्त ओळखला गेलो. पहिल्या सत्रात गणिताच्या पेपरात नापास झालो. त्या रात्री मला वाटले, हे लोक म्हणतात ते खरे असावे. पुढे मी एम.टेक. केले आणि आज वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आहे. पण त्या रात्री मला कोणी नीट उत्तर दिले असते तर पुढची दोन वर्षे मी वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलो नसतो.

म्हणून या महिन्याचा पाठ त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या आपल्या सर्व मुलांसाठी आहे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा कोणी मोठ्या माणसाने सांगितली म्हणून स्वीकारू नका. तोच नियम आपल्यालाही लागू आहे. एखादी गोष्ट आपल्याला आवडत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. तेव्हा तपासून पाहू.

१. बुद्धीची चाचणी कशासाठी निघाली?

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ या दोघांनी पहिली उपयुक्त बुद्धिचाचणी तयार केली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते आणि काही मुले वर्गात मागे पडत होती. अशी मुले ओळखून त्यांना जादा मदत द्यायची, एवढाच चाचणीचा हेतू होता. बिने यांचे स्पष्ट मत होते की बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू नाही. ती ठरलेली आहे असे मानणाऱ्यांवर त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण आणि विचार यांचे व्यायाम बसवले, जसे अशक्त पायासाठी व्यायाम असतात तसे.

१९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. त्यातून बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू, आला. आजच्या चाचण्यांत असा भागाकार करत नाहीत. एकाच वयाच्या लोकांचे गुण घेऊन सरासरी १०० धरतात आणि तुम्ही त्या सरासरीपासून किती दूर आहात ते सांगतात. म्हणजे बुद्ध्यांक हे लिटर किंवा किलोसारखे माप नाही. ती रांगेतली जागा आहे. रांगेत कोणाला उभे केले यावर ती जागा अवलंबून असते.

२. समुद्र ओलांडल्यावर काय झाले?

आपण न्यू जर्सीत राहतो, म्हणून पुढचा इतिहास आपल्या दाराशीच घडला आहे. आपल्या राज्यात व्हाइनलँड येथे मतिमंद मुलांची एक संस्था होती. तिथल्या हेन्री गॉडार्ड यांनी बिने यांची चाचणी १९०८ मध्ये अमेरिकेत आणली. मात्र बिने यांचा विचार त्यांनी मागेच सोडला. बुद्धी जन्मजात आहे आणि ती बदलत नाही, असे ते मानत.

१९१३ मध्ये गॉडार्ड यांच्या सहाय्यकांनी एलिस आयलंडवर उतरणाऱ्या स्थलांतरितांची चाचणी घेतली. तपासलेली माणसे दोनशेही नव्हती. जहाजाच्या खालच्या मजल्यावरून प्रवास करून आलेली, भीतीने गांगरलेली, इंग्रजी न येणारी ही माणसे. १९१७ साली निष्कर्ष छापला गेला की ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन गटांत दर दहापैकी सुमारे आठ जण मंदबुद्धी आहेत. आज अमेरिकेत याच लोकांची नातवंडे-पतवंडे प्राध्यापक, न्यायाधीश आणि आपले बॉस आहेत. तीन-चार पिढ्यांत जनुके बदलत नाहीत.

पहिल्या महायुद्धात सैन्याने सुमारे साडेसतरा लाख जवानांची चाचणी घेतली. त्यात अमेरिकेतील कंपन्यांची उत्पादने आणि बेसबॉल यांविषयी प्रश्न होते. नुकत्याच आलेल्या पोलिश शेतकऱ्याला ते कसे येणार? या आकड्यांवर कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून उत्तर युरोपीय श्रेष्ठ आणि बाकीचे कनिष्ठ असे जाहीर केले. गंमत म्हणजे त्याच आकड्यांत दिसत होते की स्थलांतरित जितकी जास्त वर्षे अमेरिकेत राहिला, तितके त्याचे गुण जास्त. जी वीस वर्षे राहिली होती ती माणसे इथे जन्मलेल्यांच्या जवळ पोचली होती. ब्रिगहॅम यांनी त्याचा अर्थ लावला की पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे असावेत. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले. पण तोपर्यंत १९२४ चा कायदा होऊन दक्षिण व पूर्व युरोपातल्या लोकांना दार जवळजवळ बंद झाले होते, आणि आशियातल्या बहुतेक लोकांना तर पूर्णच. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. अशा कायद्यांखाली या देशात साठ हजारांहून जास्त माणसांची नसबंदी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एलिस आयलंडवर या चाचण्या झाल्या त्याच १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. 'माणसाची लायकी जन्माने ठरते' हा विचार भारतात धर्माच्या नावाने आणि इथे विज्ञानाच्या नावाने सांगितला जात होता. त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १९२२ मध्ये नियतकालिकातून लिहून, चाचण्यांच्या आधारे माणसांचे वर्ग पाडण्याला विरोध केला.

३. बुद्धी एक की अनेक?

चाचण्यांचा असा गैरवापर झाला म्हणून चाचणी काहीच मोजत नाही असे म्हणता येत नाही. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज संशोधकाला दिसले की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले बहुधा इतर विषयांतही चांगले गुण मिळवतात. या सामाईक घटकाला त्यांनी 'जी' हे अक्षर दिले. हे निरीक्षण शंभर वर्षे टिकून आहे. मात्र तो घटक म्हणजे मेंदूतली एखादी वस्तू आहे की आकडेवारीतून दिसणारा सारांश, यावर अजून वाद आहे.

१९३८ मध्ये लुई थर्स्टन यांनी एका घटकाऐवजी भाषा, आकडे, स्मरण, आकृती ओळखणे अशा सात क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग केले. एक, नवे कोडे सोडवण्याची क्षमता. दुसरी, शिकून साठवलेले ज्ञान वापरण्याची क्षमता. पहिली तरुणपणी जोरात असते आणि वयाबरोबर उतरते. दुसरी पन्नाशी-साठीपर्यंतही वाढू शकते. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रोग्रामरना हा फरक रोज जाणवतो. १९९३ मध्ये जॉन कॅरोल यांनी शेकडो जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले आणि या सगळ्यांची एकावर एक मजल्यांसारखी मांडणी केली. आज बहुतेक संशोधक तीच वापरतात.

शाळांमध्ये हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत फार लोकप्रिय आहे. संगीत, शरीर, माणसे ओळखणे याही बुद्धीच आहेत, असे ते म्हणतात. शिक्षकांना तो आवडतो, कारण त्यात प्रत्येक मुलाला जागा आहे. मात्र या बुद्धी एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत याचा चाचण्यांतून मिळालेला पुरावा कमकुवत आहे, हेही आपण मुलांना प्रामाणिकपणे सांगावे.

४. जनुकांचा वाटा किती?

हा भाग नीट वाचा, कारण गोंधळ इथेच होतो.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते की माणसामाणसांतील बुद्ध्यांकाच्या फरकात जनुकांचा वाटा असतो. लहानपणी तो कमी दिसतो, प्रौढपणी निम्म्याहून जास्तही दिसतो. हे नाकारण्याचे कारण नाही. पण 'आनुवंशिकता ७० टक्के' याचा अर्थ 'माझ्या बुद्धीतला ७० टक्के भाग आईवडिलांनी दिला' असा होत नाही. अमुक एका गटात, अमुक परिस्थितीत, लोकांमधील फरकांपैकी इतका भाग जनुकांतील फरकांशी जोडलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० मध्ये दिलेला बियाण्याचा दाखला मी आपल्या शेताच्या भाषेत सांगतो. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे घ्या. एक मूठ काळ्या कसदार, पाण्याच्या रानात पेरा. दुसरी मूठ मुरमाड माळावर पेरा. प्रत्येक रानात काही रोपे उंच होतील, काही बुटकी. एका रानातल्या सगळ्या रोपांना माती सारखीच मिळाली, म्हणून त्यांच्यातील फरक बियाण्याचा. पण काळ्या रानातले पीक सरासरीने उंच आणि माळावरचे खुरटे, हा फरक पूर्णपणे मातीचा आहे. एका रानातला फरक आनुवंशिक आहे म्हणून दोन रानांतला फरकही आनुवंशिक आहे, असे म्हणणे हा हिशोबातला घोटाळा आहे. फोनवरच्या त्या नकाशात आणि जातीच्या त्या दाव्यात नेमका हाच घोटाळा आहे.

नकाशातला दुसरा दोष आकड्यांचा आहे. असे नकाशे बहुतेक रिचर्ड लिन आणि टाटू व्हानहानेन यांच्या २००२ च्या पुस्तकाच्या पद्धतीवर बेतलेले असतात. अनेक देशांसाठी त्यांच्याकडे चाचण्याच नव्हत्या, म्हणून शेजारच्या देशांवरून अंदाज केले. इक्वेटोरिअल गिनी या आफ्रिकी देशाचा आकडा तर स्पेनमधल्या, वाढ खुंटलेल्या मुलांच्या एका संस्थेतील मुलांवरून घेतला होता. आपल्या ऑफिसात असा डेटा कोणी आणला तर त्यावर डॅशबोर्ड बनवायला आपण नकार देऊ.

२००३ मध्ये एरिक टर्कहाइमर आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या अमेरिकन जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यांकातील फरक बराचसा जनुकांशी जोडलेला निघाला. अतिशय गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य होता आणि घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा. युरोपातल्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसत नाही. पण अर्थ समजण्यासारखा आहे. माळरानावर चांगले बियाणेही उंच होत नाही, मग बियाण्यातला फरक दिसणार कसा?

५. माती कशी बदलते?

काही ठोस गोष्टी पाहू.

आयोडीन: आहारात आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांत मुलांचा बुद्ध्यांक सरासरी दहा-बारा गुणांनी कमी आढळतो. उपाय मिठात आहे. भारतात १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला आणि तिथले गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले.

शाळा: २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांवरील अभ्यास एकत्र तपासले गेले. शाळेच्या प्रत्येक जादा वर्षाने बुद्ध्यांक साधारण १ ते ५ गुणांनी वाढतो असे दिसले. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडून काय हिरावले गेले हे यावरून समजा.

काळ: जेम्स फ्लिन या न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील सरासरी सुमारे १४ गुणांनी वाढली. नंतर अनेक देशांत तेच दिसले. नॉर्वेसारख्या देशांत पुढे ती थोडी घसरली, तीही एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांमध्ये. चढ आणि उतार दोन्ही परिस्थितीचे.

चिंता: तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी ऊस तुटण्याआधी आणि पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा घेतली गेली. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच माणूस, तोच मेंदू. पण पैशाची ओढाताण असताना गुण कमी आणि नंतर जास्त. मेमरी भरलेल्या संगणकाचा वेग मोजून प्रोसेसर खराब आहे असा निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे.

जात: हा अभ्यास मी वाचला तेव्हा काही वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलय्ये सोडवायला दिले. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत काम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्शाने घसरली. कोडी तीच होती आणि मुलेही तशीच होती. फक्त यादी वाचली गेली होती. कॉलेजच्या फलकावरची यादी मला तेव्हा आठवली.

अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांवर १९९५ पासून असेच प्रयोग झाले. नंतर ते पुन्हा करून पाहिले तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही. म्हणून एकाच अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नका. पण आयोडीन, शाळा, पिढ्यांमधली वाढ आणि गरिबीची चिंता हे सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

६. बाबासाहेबांची मांडणी

आता आपल्या घरातल्या पुस्तकाकडे येऊ. १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या भाषणात, म्हणजे 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात, बाबासाहेब समतेवरील आक्षेपाला उत्तर देतात. सगळी माणसे सारखी नसतात हे ते सरळ मान्य करतात. मग ते विचारतात की हा फरक कशामुळे पडतो? त्यांनी तीन कारणे सांगितली आहेत. पहिले, शारीरिक आनुवंशिकता. दुसरे, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची काळजी, शिक्षण, साठवलेले ज्ञान आणि साधने. तिसरे, स्वतःचे प्रयत्न.

प्रयत्नांतील फरकाबद्दल माणसाला कमीजास्त मिळाले तर ते समजू शकते, असे ते म्हणतात. पण पहिल्या दोन गोष्टी कोणी कमावलेल्या नसतात. त्यांच्या आधारे निवड करत राहिलो तर निवड लायकांची न होता सोयी लाभलेल्यांची होते. समाजाला प्रत्येकाकडून जास्तीत जास्त हवे असेल तर शर्यतीच्या सुरुवातीला सर्वांना होता होईल तितके समान करावे लागेल. आनुवंशिकता न नाकारता समता कशी मांडायची हे बाबासाहेबांनी फ्लिन आणि लेवाँटिन यांच्या कित्येक दशके आधी सांगून ठेवले. वंशशुद्धीच्या नावाखाली जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचारही त्यांनी याच ग्रंथात घेतला आहे.

'आरक्षणाने गुणवत्ता घसरते' असे कोणी म्हटले तर एक अभ्यास सांगा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेचे १९८० ते २००२ चे आकडे तपासले. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी आणि अधिकारी वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घसरल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. वरच्या पदांवर उलट चांगला परिणाम झाल्याची चिन्हे दिसली.

७. धम्म काय सांगतो?

वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, कीटक, पक्षी, जनावरे यांच्या जाती शरीरावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखता येतात, माणसांत तशा खुणा नाहीत. माणसांतले भेद नावाचे आणि कामाचे आहेत. उपाली हे न्हावी होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत पाचशे अर्हतांसमोर विनयाची उत्तरे त्यांनीच दिली.

पण या विषयासाठी मला चूळपंथक स्थविरांची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. चार महिने प्रयत्न करून त्यांना एक गाथा पाठ झाली नाही. थोरले बंधू महापंथक स्वतः अर्हत होते. त्यांनी धाकट्याला सांगितले, तुला हे जमणार नाही, विहार सोडून जा. चूळपंथक रडत निघाले तेव्हा तथागत त्यांना भेटले. तथागतांनी त्यांना पाठांतर दिले नाही. एक स्वच्छ पांढरे फडके हातात दिले आणि 'रजोहरणं' म्हणत ते चोळत राहायला सांगितले. हाताने फडके मळत गेले. ते पाहता पाहता चूळपंथकांना अनित्यता समजली आणि ते अर्हत झाले. शिष्य तोच होता. शिकवण्याची रीत बदलली.

धम्मात प्रज्ञा तीन प्रकारची सांगितली आहे. ऐकून-वाचून येते ती श्रुतमयी, स्वतः विचार करून येते ती चिंतनमयी, आणि साधनेने, अनुभवाने येते ती भावनामयी. तिन्ही मिळवाव्या लागतात. बाबासाहेबांनीही विद्येच्या वर प्रज्ञा, शील आणि करुणा ठेवली. शील नसलेला हुशार माणूस समाजाला घातक ठरतो. गॉडार्ड आणि ब्रिगहॅम अडाणी नव्हते, हे विसरू नका.

८. आपल्या घरात काय करायचे?

पहिली गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या स्नेहमेळाव्यांत मी ऐकले आहे, "आपल्या मुलांचं डोकंच चालतं, त्या अमक्या शाळेतली मुलं तशीच." 'त्या शाळेतली मुले' म्हणजे कोण हे सर्वांना कळते. आपण पदवी आणि व्हिसाच्या चाळणीतून निवडून इथे आलो. आपल्या मुलांना पुस्तके, शांत खोली आणि शिकलेले आईबाप मिळाले. त्याला रक्ताचा गुण म्हणणे म्हणजे जो सिद्धांत आपल्या आजोबांवर वापरला गेला, तोच आपण काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांवर वापरणे आहे.

दुसरी, घरात 'हा हुशार, ती मठ्ठ' हे शब्द बंद करा. महापंथकांचे वाक्य आपल्या तोंडी नको.

तिसरी, शाळेतील विशेष हुशार मुलांच्या वर्गाची निवड कशी होते ते विचारा. फ्लोरिडातील एका मोठ्या जिल्ह्यात पूर्वी शिक्षक किंवा पालकांनी नाव सुचवले तरच मुलाची चाचणी होत असे. २००५ पासून दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली. निकष तेच ठेवूनही गरीब, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांची निवड लक्षणीय वाढली. ती मुले आधीही तिथेच होती. शालेय मंडळाच्या बैठकीत ही मागणी आपण करू शकतो. आणि आपले मूल निवडले गेले नाही तर तो त्याच्या आयुष्याचा निकाल समजू नका.

चौथी, १९७८ पूर्वीच्या घरात राहत असाल तर भिंतींच्या जुन्या रंगातील शिशाची तपासणी करून घ्या आणि लहान मुलांच्या रक्ताची चाचणी डॉक्टरांना विचारा. शिसे मेंदूच्या वाढीला थेट बाधा आणते.

पाचवी, भारतातल्या आपल्या गावाकडे पैसे पाठवताना कमानीआधी अभ्यासिकेचा आणि लहान मुलांच्या पोषणाचा विचार करा. मिशिगनमधील इप्सिलांटी येथे १९६० च्या दशकात गरीब काळ्या घरांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना उत्तम बालवाडी मिळाली. त्यांची बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत ओसरली. पण मोठेपणी शिक्षण, नोकरी आणि कायदा पाळून जगणे या बाबतीत ती बाकीच्यांपेक्षा पुढे राहिली. एवढ्या लवकर मिळालेली मदत आयुष्यभर पुरली.

आणि त्या मुलीला माझे उत्तर. बेटा, त्या दिवशी मी तुला घाईत उत्तर दिले, त्याबद्दल मला माफ कर. माणसामाणसांत फरक असतात आणि त्यांत जनुकांचाही वाटा असतो. पण जातीजातींत किंवा देशादेशांत दिसणारा फरक जन्मजात आहे असे सिद्ध झालेले नाही. परिस्थिती बदलली की तो किती हलतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्या नकाशात माती मोजली आहे आणि नाव बियाण्याचे लिहिले आहे. पुढच्या रविवारी तो नकाशा घेऊन ये. आपण दोघे फळ्यावर तो तपासू, आणि समजावून तू सांगायचे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन कारणांपैकी आपल्या आजी-आजोबांना काय मिळाले होते, आई-बाबांना काय मिळाले आणि तुम्हाला काय मिळाले आहे?

२. 'तुला जमणार नाही' असे तुम्हाला कोणी कधी म्हटले आहे का? नंतर शिकवण्याची रीत बदलल्यावर काय झाले?

३. ज्याला आपण 'हुशार नाही' समजतो असा कोणी ओळखीचा आहे का? त्याची माती कशी होती, हे आपण कधी विचारले आहे का?

भवतु सब्ब मंगलं.

जय भीम! नमो बुद्धाय!